मुलखाची पुस्तकं आणि शिवाराची नावं

शेतकरी माणूस पुस्तक वाचताना दिसला की आमच्याकडं लोक जरा संशयानंच बघतात. वाचून कांद्याला भाव येत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मी दहावी झालो तेव्हा जुनी अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती. पुढं शिकलो नाही, वावरात उतरलो. पण वाचनाची सवय राहिली आणि तिला बळ दिलं ते आमच्या लाइटीनं. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात मोटारीला लाइट येणार रात्री. बारा वाजता येते का दोनला, याची वाट बघत विहिरीवरच्या खोलीत बसायचं. झोपलं तर पाणी भरणं चुकतं. मग बॅटरीच्या उजेडात वाचायचं.

सुरुवातीला हाती लागेल ते वाचलं. ‘स्वामी’ वाचली, ‘श्रीमान योगी’ वाचली, ‘मृत्युंजय’ तर आमच्या पिढीत कोणी वाचली नाही असं नाही. पुढं पुढं माझं मन आपल्याच जिल्ह्याच्या पुस्तकांवर बसलं. कारण साधं होतं. ‘स्वामी’त राघोबादादांची आनंदवल्ली आली, तेव्हा मी पान मिटून बसलो. आनंदवल्ली म्हणजे गंगापूर रस्त्यावरची. भाजीची गाडी घेऊन मी तिथून कितीदा गेलेलो. राघोबादादांनी बायकोच्या, आनंदीबाईच्या नावावरून त्या गावाचं जुनं नाव बदललं, हे नंतर कळलं. गावाचं नावसुद्धा कोणीतरी उठून बदलतं आणि अडीचशे वर्षांत जुनं नाव कोणाच्या तोंडी राहत नाही, हे काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आपल्या मुलखाचं पुस्तक वाचायचा फायदा हा, की त्यातला रस्ता पायाखालचा असतो. लेखक काय सांगतोय ते आपण ताडून बघू शकतो. तो कुठं गप्प बसला, तेही कळतं.

सगळ्यात जुनं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यातलं पहिलं वाचण्यासारखं ते कागदावर नाही, दगडावर आहे. मुंबई रस्त्याला नाशिकपासून दोन-तीन कोसांवर पांडवलेणी आहेत. पांडवांचा तिथं काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंची लेणी. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. लोक तिथं जातात, फोटो काढतात, माकडांना शेंगदाणे टाकतात आणि उतरतात. भिंतीवर कोरलेलं काय आहे हे मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. त्याचं मराठी भाषांतर वाचायला मिळालं तेव्हा मला वाटलं, हे तर तलाठ्याचं दप्तर!

दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. शहराच्या शिवेवर, वायव्य बाजूला, एक शेत त्यानं अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतलं आणि भिक्षूंना दिलं. शेत त्या ब्राह्मणाच्या वडिलांचं होतं, हेही कोरलंय. म्हणजे घेणारा, देणारा, रक्कम, दिशा आणि वडिलोपार्जित असल्याचा उल्लेख, सगळं खरेदीखतात असतं तसं. त्याच लेण्यात दुसरा हिशेब आहे. भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी त्यानं नाशिकच्या विणकरांच्या एका श्रेणीकडं दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडं एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. सालाचे बारा टक्के आणि नऊ टक्के. आमच्या सोसायटीत हे मी वाचून दाखवलं तर सेक्रेटरी म्हणाले, ‘‘आण्णा, दोन हजार वर्षांत व्याजाचा दर काय फार हलला नाही!’’

पण माझं मन अडकलं ते तिसऱ्या लेण्यातल्या दोन हुकमांत. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाच्या लोकांचा पाडाव केला आणि आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडला. पश्चिम काखडी गावातलं, आधी उषवदाताकडं असलेलं दोनशे निवर्तनं शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं. त्यात सरकारी माणसानं शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अशा सवलतीही दिल्या. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावानं दुसरा हुकूम निघाला. त्यात सांगितलंय, की काखडीतलं ते शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून त्याच्या बदली शहराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत.

भिक्षूंना बदली जमीन मिळाली. राजाचं दान वाया गेलं नाही. पण काखडीचे लोक गेले कुठं? लढाईत गाव लुटलं, पाऊस पडला नाही, का पटकी आली? लेख त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. ज्याला दान दिलं त्याचं नाव दगडावर, ज्यानं दिलं त्याचं नाव, त्याच्या आईचंसुद्धा नाव दगडावर. ज्यानं ते शेत नांगरलं त्याचं नाही. गोवर्धन आजही नाशिकजवळ आहे, नावासकट. काखडी भिंतीवरच राहिली.

हे एकदा कळल्यावर मी प्रत्येक पुस्तकात बघायला लागलो, की यात नाव कोणाचं आलंय आणि कोणाचं नाही.

नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर इंग्रज सरकारनं १८८३ साली काढलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड. माझं इंग्रजी अडखळतं. पुतण्यानं ते मोबाइलवर उघडून दिलं आणि गावातले एक रिटायर मास्तर ओट्यावर बसून वाचून, अर्थ सांगत गेले. दोन उन्हाळे चाललं ते. नांगर, मोटा, विहिरी, सारा, पिकं, जाती, बाजार, घाट असं सगळं बारकाव्यानं लिहिलेलं. ज्याला सारा वसूल करायचाय त्यालाच एवढी बारीक नजर असते, असं मास्तर म्हणाले. त्याच पुस्तकात आमच्या शेजारच्या नांदूर शिंगोट्याचा भागोजी नाईक भेटतो.

भागोजी नाईक आमच्या भागात नुसत्या नावानं सगळ्यांना माहीत आहे. गॅझेटियर त्याची हकीकत अशी देतं: तो नगरच्या पोलिसात नोकरीला होता. १८५५ साली दंगा आणि पोलिसाला अडथळा यावरून त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला. ते वर्ष भरल्यावर थोड्याच दिवसांत सगळ्यांची हत्यारं काढून घ्यायचा सरकारी हुकूम निघाला. तेव्हा त्यानं गाव सोडलं आणि गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात राहील अशा जागी जाऊन बसला. सुमारे पन्नास भिल्ल त्याच्याबरोबर झाले. ४ ऑक्टोबर १८५७ ला पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री त्याला धरायला आला, तो तिथंच गोळी लागून मेला. पुढं दोन वर्षं धुमश्चक्री चालली आणि १८५९ च्या नोव्हेंबरात मिठसागऱ्याजवळ फ्रँक सूटरच्या पोलिसांशी लढताना भागोजी आणि त्याची बरीच माणसं पडली.

वाचकहो, ही हकीकत त्याच्या दुश्मनानं लिहिलेली आहे. तिच्यात भागोजी गुन्हेगार आहे. तरी तिच्यातूनच कळतं, की माणूस शिक्षा भोगून आला होता, जामीनही पुरा केला होता आणि हत्यारं काढून घ्यायचा हुकूम निघाला तेव्हा त्यानं गाव सोडलं. सरकारी पुस्तक असं वाचावं लागतं. त्याचा शिक्का वेगळा ठेवायचा आणि त्यात नोंदलेली गोष्ट वेगळी काढायची. आमच्याकडच्या भिल्ल वस्तीत कोण्या म्हाताऱ्याला विचारा, तो तारीख सांगणार नाही, हेन्रीचं नावही सांगणार नाही. तो डोंगर दाखवील, पाण्याचं टाकं दाखवील. ते कुठल्या पुस्तकात नाही.

त्याच सालाची दुसरी गोष्ट त्र्यंबकची. ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल आणि ठाकर लोकांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. डोंगर धुंडाळून माणसं पकडली. त्यात पांडू नावाचा एक ठाकर होता. गॅझेटियर सांगतं, की त्यानं आपला सहभाग कबूल केला आणि एका ब्राह्मणाच्या सांगण्यावरून आम्ही उठलो, नाव ठाऊक नाही पण दाखवून देईन, असं म्हणाला. त्र्यंबकचे ब्राह्मण रांगांनी उभे केले. त्यातून त्यानं जोगळेकरांना ओळखलं. खटला झाला, जोगळेकरांना फाशी झाली. गॅझेटियरमध्ये हे सगळं थोड्या ओळींत संपतं.

आता लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून भागाभागानं छापलेलं. लक्ष्मीबाई १८६८ साली आमच्याच जिल्ह्यातल्या जलालपूरला जन्मल्या, गंगेकाठी. त्यांच्या आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच हे फाशी गेलेले वासुदेव भगवंत जोगळेकर येतात, कारण ते त्यांचे आजोबा. ती फाशी घरात कशी शिरली हे नात सांगते. त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आणलेला जिन्नस धुवून घ्यायचा, स्पर्शाला भ्यायचं. त्यात बायको आणि लेकरं पिळून निघाली. आणि हे दुःख लक्ष्मीबाई अशा हसत हसत सांगतात, की वाचणारा आधी हसतो आणि मग हसल्याची लाज वाटते. सरकारच्या दप्तरात प्रकरण फाशीपाशी बंद झालं. घरात ते पुढं वीस-तीस वर्षं चालू होतं.

ही दोन पुस्तकं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, त्याच उन्हाळ्यात. मास्तर म्हणाले, ‘‘आता समाधान झालं ना? दोन्ही बाजू मिळाल्या.’’ मी म्हणालो, ‘‘मास्तर, तिसरी कुठंय? पांडू ठाकराची?’’ त्याला डोंगरातून कसं धरलं, कबूल करायच्या आधी त्याचं काय केलं, रांगेसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात काय होतं? जोगळेकरांना लिहिणारी नात मिळाली. पांडूच्या वंशातल्या कोणी लिहिलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. त्र्यंबक-हरसूल-पेठच्या बाजूचे ठाकर आणि महादेव कोळी आजही आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीला, कांदे लावायला येतात. त्यांच्यात पांडू हे नाव आजही असतं.

इतिहास इथं थकतो आणि कथा-कादंबरीचं काम सुरू होतं, असं मला वाटतं. कादंबरीवाल्याला दप्तर लागत नाही, त्याला माणूस माहीत असावा लागतो. माणदेशाला ‘बनगरवाडी’ मिळाली, कोकणाला ‘गारंबीचा बापू’, वऱ्हाडाला ‘धग’, कागलच्या मातीला ‘गोतावळा’. नाशिक म्हटलं की लोक कुसुमाग्रजांचं नाव घेतात, वसंत कानेटकरांचं घेतात. ते घ्यावंच. पण मला जे हवं होतं, म्हणजे कांद्याची चाळ, रात्रीची लाइट, मार्केटातला पुकारा, ते मला सापडलं दुसऱ्याच मुलखात. भास्कर चंदनशिव मराठवाड्याचे. त्यांची ‘लाल चिखल’ कथा टमाट्याची. भाव पडल्यावर बाप बाजारात स्वतःच्या टमाट्यांवर नाचतो आणि चिखल करतो. पोराच्या शाळेच्या पुस्तकात मी ती वाचली. आमच्याकडं टमाटा मोप पिकतो आणि रस्त्याच्या कडेला क्रेटच्या क्रेट ओतलेलेही आम्ही मोप पाहिलेत. त्या कथेतला बाप आमच्या गल्लीतला वाटला. तसंच विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’चं. धरणाखाली गेलेलं गाव तिकडचं, पण इगतपुरीकडचे माझे एक सोयरे धरणग्रस्त आहेत. त्यांना मी ती दिली, तर त्यांनी चार दिवसांत वाचून परत आणली आणि म्हणाले, ‘‘आमचंच लिव्हलंय, फकस्त नावं बदललीत.’’ एका मुलखाचं नीट लिहिलं की ते दुसऱ्या मुलखाच्याही कामाला येतं, हे मी तिथं शिकलो.

आणि आमच्या जिल्ह्यानं लेखक दिलेच नाहीत असंही नाही. बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. परमुलखात रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण, भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवतो, त्याची ती कथा. वामनदादा कर्डक तर आमच्या तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म. त्यांची गाणी महाराष्ट्रभर गेली. माझ्या लहानपणी मात्र ती वेशीच्या एका अंगालाच ऐकू यायची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, डॉक्टर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. तो पुढं चालवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. पाच वर्षं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. येवला आमच्यापासून किती लांब? एसटीनं दीड-दोन तास. आपल्या मुलखाचं पुस्तक वाचलं म्हणजे नुसता अभिमान मिळेल, असं कोणी समजू नये. त्या दाराच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण होतं, हेही त्यात आहे आणि त्या वेळी आपले आजे-पणजे कुठं उभे असतील, हा प्रश्न वाचणाऱ्याला सुटत नाही.

आता माझ्या वहीबद्दल सांगतो. आमच्या भागातून मोठा रस्ता गेला, कारखाने आले, जमिनीला एकराला कधी ऐकला नव्हता असा भाव आला. विकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. ज्याच्या घरात कर्ज आणि लग्नाची पोरगी आहे, त्याला शहाणपण शिकवू नये. पण वावर विकलं की त्याचं नावही जातं. कागदावर गट नंबर असतो. आधी सर्व्हे नंबर होते, १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण आलं, आमच्या गावात ते माझ्या लहानपणी झालं आणि गट पडले. नावं मात्र तोंडीच राहिली. माझा नातू विचारतो, ‘‘बाबा, आपला दोनशे चौदा कुठपर्यंत?’’ त्याला ‘बारवेचा मळा’ माहीत नाही. मग मी दोनशे पानी वही आणली आणि म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन एकेक वावराचं नाव लिहून घ्यायला लागलो. चिंचेचं टेपाड. पांढरी. म्हसोबाची पट्टी. तांबूळका. बायजाचं वावर, ही बायजा कोण हे सांगणारी एकच म्हातारी उरली होती. बायजा बहात्तरच्या दुष्काळाच्याही खूप आधीची, नवरा मेल्यावर एकटीनं ती पट्टी कसणारी.

त्यात दोन नावं अशी निघाली, की गावात कुरबूर सुरू झाली. एक ‘हाडकी’. ही महारांच्या वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्यानं अशी वतनं गेली. सरकारात रक्कम भरून जमीन पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायची सोय होती. ज्यांच्याकडं पैसा नव्हता, त्यांच्या हातून ती कुठं कुठं कशी गेली, ते ज्या त्या गावाला ठाऊक आहे. आमच्या गावात आज त्या वावरात वतनदारांच्या घरातलं कोणी नाही. दुसरं नाव ‘भिल्लाचं खळं’. ज्याचं खळं होतं, त्याची जमीन असणारच की. आज भिल्ल वस्तीतल्या एकाही घराला तिथं वावर नाही.

आमच्याच भावकीतले एक जाणते मला पारावर म्हणाले, ‘‘आण्णा, बाकीचं लिव्ह. ही दोन नावं कशापायी लिव्हतो? उद्या कोणी वही घेऊन कोर्टात गेलं म्हंजी?’’

मी म्हणालो, ‘‘तात्या, वहीनं सातबारा फिरत नाही.’’

‘‘मंग लिव्हून उपेग काय?’’

त्यांचा हा प्रश्न बरोबरच होता. मी काही दिवस वही बंद ठेवली. उपयोग काय ते मला नेमकं सांगता येत नव्हतं. मग काखडीचा हुकूम पुन्हा वाचला. शेत कसत नाही, गावात वस्ती नाही, एवढंच. राजाच्या कारकुनानं अजून एक ओळ कोरायला लावली असती, लोक कशानं गेले याची, तर राजाचं काही बिघडलं नसतं. दगडाला जागा होती. तात्यांच्या आणि माझ्या गावातही वहीला पानं आहेत. आम्ही दोघं गेल्यावर नातवाला गट नंबर कळेल, किंमत कळेल. तिथं आधी कोणाचं खळं पडायचं, हे त्याला कोण सांगणार?

दोन्ही नावं मी लिहिली. कोणावर आरोप लिहिला नाही, नाव आणि ते सांगणाऱ्याचं वय, एवढंच. वहीच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक शाळेत दिली, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक भिल्ल वस्तीतल्या बारावी झालेल्या पोरीला. तिला सांगितलं, की तुझ्या आजाकडून डोंगरातल्या टाक्यांची नावं लिहून घे, आजा आहे तोवर. तिनं तीन लिहून आणली, त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. तात्या अजून माझ्याशी पहिल्यासारखे बोलत नाहीत. पण परवा शेजारच्या बांधावरून त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, ‘‘तुझ्या वहीत वडाची चारी राह्यली बघ.’’

ज्यांच्या गावात नव्वदीची माणसं अजून आहेत त्यांनी हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नये. कादंबरी लिहिणारा पुढं कधी येईल तेव्हा येईल. त्याला निदान नावं तरी मिळावीत.